हलव्याला लागते कोरडी हवा

सिंगापूर, ३ डिसेंबर २००६

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून लगेच कचऱ्यात टाकू नकोस. आत फोटो आहे. पांढऱ्याशुभ्र रस्त्यात माकडटोपी घालून उभा आहे तो मीच. टोपी फोटोपुरती घातली होती, आत घामाच्या धारा लागल्या होत्या. आणि पायाखाली आहे तो बर्फ नाही, साबणाचा फेस आहे.

मी हल्ली बर्फ पाडतो. हसू नकोस, पगार मिळतो त्याचा. आमची कंपनी म्हणजे इथले मांडववाले. लग्नाचा मांडव, चिनी देवळापुढचं स्टेज, शाळेच्या गॅदरिंगच्या खुर्च्या, काय म्हणशील ते. ख्रिसमसला एका मॉलनं सांगितलं, दारासमोर रोज संध्याकाळी बर्फ पाहिजे. मग छज्ज्यावर यंत्रं बसवली. एका बाजूनं साबणाचं पाणी, मागून पंखा. गाणं सुरू झालं की मी बटण दाबतो आणि खाली पोरं किंचाळायला लागतात. सगळीकडे बाळाच्या शाम्पूचा वास. माझ्या कपड्यांनापण तोच वास येतो. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, शेजारी बसलेल्या बायका माझ्या मांडीवर बाळ आहे का बघतात.

गंमत अशी की इथं बर्फ पडायला आकाश स्वच्छ लागतं. पावसाची एक सर आली की फेस विरघळून गटारात. आमचे मालक लिम अंकल मला रोज दुपारी विचारतात, "बॉय, यू प्रे ऑरेडी? नो रेन, देन गॉट स्नो." आणि डिसेंबर हा इथला पावसाचा महिना. ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली तो इथला नसणार.

कुठे वाहवत गेलो. मुद्द्याचं लिहितो.

भावजींची ईमेल आली. तू ऋचाला घेऊन नाशिकला बोरनहाणाला चालली आहेस आणि वाटेत सिंगापूरला दुपारपासून रात्रीपर्यंत थांबणार आहेस, असं त्यांनी कळवलं. शेवटी लिहिलंय, "तिला सांगितलंय तुला कळवतोय म्हणून. ती नाही म्हणाली नाही." मी ते वाक्य लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर इतक्यांदा वाचलं, की मागची पोरगी म्हणाली, अंकल, तुमची वेळ संपली. अंकल! चोविसाव्या वर्षी.

तर मी विमानतळावर येणार. नाही म्हणालीस तरी येईन, लांबून बघून जाईन. बोलायला लागेलच असं नाही. म्हणालीस तर टॅक्सीनं मॉलवर नेईन, ऋचाला मामाचा बर्फ दाखवीन, वेळेत परत सोडीन. हो, तुमच्या डेन्व्हरमध्ये खरा पडतो. पण तो मामानं पाडलेला नसतो.

अजून एक. ऋचासाठी हलव्याचे दागिने तयार आहेत. मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, बासरीसुद्धा. इथं जुरोंग ईस्टला कादंबरीवहिनी म्हणून आहेत, त्यांनी केले. पांढरेशुभ्र, टोचेल असा काटा आलाय.

तिकडची हवा कशी आहे? आम्हाला तुमच्याकडे बर्फ नकोय हां. विमान उडेपर्यंत तरी नको.

उज्ज्वल


१४ डिसेंबर

ताई,

हे पत्र आज टाकलं तरी तू निघायच्या आत पोचणार नाही. म्हणून टाकणार नाही. म्हणूनच खरं लिहायला हरकत नाही.

दागिने वहिनींनी केलेले नाहीत. नंदामावशीनं केलेत.

बघ, नाव लिहिलं तरी छतावरून काही पडलं नाही. आई गेल्यावर वर्षाच्या आत बाबांनी तिला घरात आणली, ते तुला सहन झालं नाही. मलाही झालं नव्हतं. पण तू अमेरिकेत होतीस आणि मी स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत. भूक लागते ना ताई. मी जेवलो तिच्या हातचं, आणि तुला फोनवर सांगितलं की आमटी बरी करते. तेव्हापासून तुझा फोन बंद. "त्या बाईच्या हातचं माझ्या घरात काही येणार नाही," एवढं बोललीस. आणि मी तर तिच्या हातचं रोज खात होतो, मग मीपण येणार नाही असाच त्याचा अर्थ झाला. दोन वर्षं झाली त्याला.

मी मावशीला फोनवर सहज सांगितलं की ताई ऋचाला घेऊन इथून जाणार आहे. ती लगेच म्हणाली, "पहिली संक्रांत पोरीची. दागिने लागतील." मी म्हटलं, नाशिकला करतील की सासरचे. तर म्हणाली, "करतील ना. पण तिकडून एक साज असतो आणि माहेरून एक असतो." मग थोड्या वेळानं, "माझं नाव नको सांगूस. बाजारातून आणले म्हण."

आणि तिनं विचारलं, तुझी आई हलव्याच्या आत काय घालायची? तीळ की खसखस? मी म्हटलं, ताईसाठी चारोळी. ती म्हणाली, मग तिळाचा केलाय तो तुझ्या बाबांना खायला देते, आणि पुन्हा बसली शेगडीपुढे. पुण्यात थंडी चांगली पडली होती म्हणे. खिडकी उघडी टाकून, चमच्याचमच्यानं पाक घालत, बोटांनी परातीत हलवत. तुला आठवतं, आईची बोटं भाजायची ती? बाबा सांगत होते, हिच्याही बोटांना फोड आलेत. बाबांना ते मला सांगायची काय गरज होती. पण सांगितलं.

डबा इथं कसा आला? कादंबरीवहिनींचा नवरा, रवींद्रदादा, बँकेच्या कामाला पुण्याला गेला होता. तो मांडीवर घेऊन आला विमानात. मोठा स्टीलचा डबा. घरी आणून बघतो तर झाकणावर मशीननं कोरलेलं नाव: सौ. नंदा दी. बोकील. तुळशीबागेतून भांडी घेतली की आपण नाव घालून घेतोच, तिला काय माहीत की हा डबा तुझ्या हातात जायचाय. किंवा माहीत असेल आणि दुसरा एवढा मोठा डबा नसेल.

मी त्यावर मॉलमधला स्टिकर चिकटवलाय. बर्फाचा माणूस, गाजराचं नाक. नाव पूर्ण झाकलं जातं. नाकाच्या वर "सौ."ची मात्रा दिसत होती, तिथं अजून एक चांदणी लावली.

आता डबा ठेवायचा कुठे? आमच्या तोआ पायोहच्या खोलीत भिंतीला ओल, रात्री वाळत घातलेला टॉवेल सकाळी जास्त ओला. हलवा दोन दिवसांत पाझरला असता. तर रवींद्रदादाकडे कॅमेऱ्याचं कपाट आहे. इथल्या दमट हवेत भिंगांना बुरशी लागते, म्हणून हे लोक काचेचं विजेवरचं कपाट ठेवतात, आतली हवा कोरडी राहते. त्यात वरच्या कप्प्यात त्याची भिंगं आणि खाली आपल्या ऋचाचा मुकुट. रवींद्रदादा म्हणाला, "माझ्या आयुष्यात या कपाटात पहिल्यांदा काहीतरी खाण्यासारखं आलंय." मी दर रविवारी डबा बघायला जातो. परवा उघडायला लागलो तर वहिनी ओरडल्या, "पुन्हा झाकण काढलंस तर हात मोडीन! हवा लागते त्याला!"

त्यांना मी माझा बेत सांगितला. ऋचाला दागिने घालून बर्फाखाली उभी करायची, वरून मी फेस सोडणार, झालं बोरनहाण. त्या डोक्याला हात लावून म्हणाल्या, "अरे, संक्रांतीच्या आधी कसलं बोरनहाण? आणि साबणाचं? पोरीच्या डोळ्यांत जाईल, तुझी बहीण परत विमानात बसेल ती मंगळावर उतरेल." बरोबर आहे. दागिने नुसते हातात देईन.

लायब्ररीत तुमची हवा बघतो रोज. पहिल्या दिवशी तुमच्याकडे ३४ दिसलं. म्हटलं अरे वा, इथल्यासारखंच की, विमानाला काही अडचण नाही! मग त्या मागच्या पोरीनं सांगितलं, अंकल, ते फॅरनहाइट. आज ४६ आहे, सूर्याचं चित्र आहे. असंच राहू दे.


१९ डिसेंबर

ताई,

पाऊस. सकाळपासून असा, की समोरची इमारत दिसत नाही. रेडिओवर म्हणाले, कित्येक वर्षांत एका दिवसात एवढा पडला नव्हता. कुठेकुठे रस्त्यावर पाणी. बर्फ रद्द. यंत्रांवर ताडपत्र्या बांधल्या आणि लिम अंकल मला म्हणाले, "बॉय, यू प्रे टू व्हिच गॉड? चेंज, लाह." (लाह म्हणजे आपलं "ना रे".)

मी म्हटलं, अंकल, माझी सगळी प्रार्थना दुसऱ्या गावाच्या हवेवर खर्च होतेय. त्यांना समजलं नाही. मग मी सांगितलं, बहीण येतेय. त्यांनी विचारलं, कधी भेटलास शेवटचं? मी काहीतरी सांगितलं. ते बराच वेळ कॉफी ढवळत राहिले. साखर नसते त्यांच्या कॉफीत. मग म्हणाले, त्या दिवशी सुट्टी घे, बटण मी दाबीन. चांगला माणूस आहे. जेवताना फार आवाज करतो, पण चांगला आहे.

संध्याकाळी सुट्टीच होती म्हणून जुरोंग ईस्टला गेलो. वहिनींनी हौसेनं हलवा करायला घेतला होता, त्यांच्या राधिकासाठी. राधिका बालवाडीत आहे, मला मामा म्हणते. बाहेर धो धो, आत वहिनी परातीत बोटं फिरवतायत. काटा येईना. दाणे नुसते एकमेकांना चिकटून गोळे झाले. एसी लावला, पंखा लावला, तरी तेच. शेवटी त्या घाम पुसत म्हणाल्या, "नाही बाई. ह्या हवेत काटा धरतच नाही. त्याला थंडी लागते, कोरडी."

आणि मला माझं पहिलं पत्र आठवलं.

मी तुला लिहून बसलोय की दागिने वहिनींनी इथं केले म्हणून. काटा कसा टोचतो तेसुद्धा लिहिलंय शहाण्यासारखं. तू आईच्या शेजारी परातीपुढे बसलेली. एक दाणा हातात घेतलास की विचारशील, सिंगापूरच्या हवेत हा काटा कुणी आणला?

वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग काय उत्तर देणार आहेस?" मी म्हटलं, बघू. राधिकानं एक गोळा उचलून खाल्ला आणि म्हणाली, "नाइस, लाह."

तुमच्याकडच्या हवेच्या पानावर आज ढगाचं चित्र आहे. ढगाखाली बारीक चांदण्या. ते मला आवडलेलं नाही.


२२ डिसेंबर

ताई,

तुमचं विमानतळ आज इथल्या टीव्हीवर दाखवलं. मी कॉफीच्या दुकानात टोस्ट खात होतो. विमानं उभी, पंखांवर एवढा एवढा बर्फ, माणसं कमरेपर्यंत त्यात. खाली लिहिलेलं डेन्व्हर. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा म्हणाला, "वाह, सो नाइस, हॉर, व्हाइट ख्रिसमस." मला त्याचा टोस्ट हिसकावून घ्यावासा वाटला.

फोनकार्ड घेतलं आणि तुमच्या घरी फोन लावला. तो उचलणार नाहीस हे धरूनच लावला होता. भावजींनी उचलला. म्हणाले, विमानतळ बंद होतं, आता उघडतायत, पण हजारो माणसं अडकलीत, तिकीट बदललं. आता फ्रँकफर्टवरून सरळ मुंबई, नाताळ झाल्यावर.

म्हणजे सिंगापूर नाही.

मी म्हटलं, बरं. बरंच झालं, लहान मूल घेऊन एवढा लांबचा प्रवास. हे मीच बोललो. मागे ऋचा रडत होती. पहिल्यांदा ऐकला तिचा आवाज. जाड आहे, बाबांवर गेलीय.

मग मागून तू विचारलंस, "कोण आहे?"

भावजी म्हणाले, "उज्ज्वल."

ऋचापण थांबली त्याच वेळी, काय योगायोग. मला तुमच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं, किंवा फोनचीच टिकटिक असेल. मग तू म्हणालीस, "त्याला सांग, बर्फ पडलाय म्हणावं."

भावजी मला म्हणाले, "ती म्हणतेय, बर्फ पडलाय."

मी म्हटलं, हो, सांगा तिला, बघितला.

दोन वर्षांनी एवढंच बोलणं झालं आपलं, ते पण हवेबद्दल. अनोळखी माणसं बसस्टॉपवर बोलतात तसं. पण ताई, मी ते परत परत आठवून बघतोय. तुला गप्प बसता आलं असतं की.


२५ डिसेंबर

ताई,

काल आणि आज पाऊस नाही. आकाश असं धुतलेलं. ज्या दिवशी तू येणार होतीस त्याही दिवशी नव्हता. लिम अंकलनी सुट्टी दिलेलीच होती, ती कुठे घालवायची म्हणून मी विमानतळावर जाऊन बसलो. बाहेर येणाऱ्यांच्या काचेसमोर. तुझ्या विमानात तू नसणार हे माहीत होतं, तरी फळ्यावर त्याची वेळ आली, उतरलं असं लिहून आलं आणि माणसं बाहेर पडायला लागली. कडेवर मूल असलेल्या बायका खूप असतात, कधी नीट बघितलं नव्हतं. एकीची गाडी ढकलायला मदत केली. तिनं थँक्यू म्हटलं. मग घरी आलो.

आज मॉलसमोर माणूस मावेना. कादंबरीवहिनी राधिकाला घेऊन आल्या. मी वरून त्यांच्या बाजूच्या यंत्राचं तोंड जरा खाली वळवलं. सगळी पोरं तोंड उघडून बर्फ खायला बघत होती, राधिका मात्र हातात फेस घेऊन शांतपणे मोठ्यानं म्हणाली, "धिस वन सोप, लाह." आसपासची चार पोरं रडायला लागली. मॉलचा माणूस माझ्याकडे वर बघतोय, जसं काही मीच तिला शिकवून पाठवलंय.

गाणं संपलं, यंत्रं बंद केली. खाली सगळे एकमेकांचे फोटो काढत होते. मला वरून कुणी दिसेना असं झालं, म्हणजे सगळे दिसत होते, पण माझं कुणी नाही असं. फेस फार पटकन विरतो. झाडू मारायच्या आत नुसतं ओलं राहतं.

वहिनी थांबल्या होत्या. म्हणाल्या, "आम्ही या आठवड्यात नाशिकला चाललोय, माझ्या माहेरी. संक्रांत करून येणार. डबा नेऊ का तुझ्या ताईकडे?" मी म्हटलं, न्या, पण कुणी केले विचारलं तर तुम्ही केले म्हणा. त्या म्हणाल्या, "मला खोटं बोलायला जमत नाही. मी डबा ठेवीन आणि पाणी पिऊन येईन. पुढचं तुमचं तुम्ही बघा." मी म्हटलं, मग स्टिकर तेवढा राहू दे.

डब्याबरोबर ही पत्रं देणार नाही. वेगळी चिठ्ठी लिहिलीय: "ताई, ऋचाचे दागिने. डबा फार वेळ उघडा ठेवू नकोस. उज्ज्वल."


२१ जानेवारी २००७

ताई,

वहिनी आज परत आल्या. मी त्यांच्या दारात त्यांच्या आधी उभा होतो.

त्यांनी सांगितलं ते असं. तू दार उघडलंस, डबा घेतलास, आत नेलास. चहा दिलास. स्टिकरकडे बघितलंस पण विचारलं काही नाहीस. मग झाकण काढून एक दाणा घेतलास, चिमटीत फिरवलास, तोंडात टाकलास. वहिनी म्हणतात, तू तो चावला नाहीस, विरघळू दिलास. आणि आतलं जिभेवर आलं तेव्हा उठून आत गेलीस. बऱ्याच वेळानं आलीस ती म्हणालीस, "संक्रांतीला हळदीकुंकवाला या."

त्या गेल्या. ऋचाला काळं झबलं घातलं होतं. दागिने सासरचेही होते, पण मुकुट आणि हार हे होते. हार तिनं लगेच तोडून खाल्ला. डोक्यावर चुरमुरे, बोरं, हलवा ओतला तेव्हा रडली नाही, वर बघत राहिली, अजून पडेल म्हणून. बर्फ बघितलेली पोरगी. आणि निघताना तू वहिनींच्या हातात डबा दिलास. "त्याला द्या," एवढंच म्हणालीस.

डबा समोर आहे. स्टिकर नाही. बर्फाचा माणूस नाही, चांदणीपण नाही. नुसता ओढून काढला असता तर डिंकाचा चिकटा राहिला असता. तोही नाही. तेल लावून, घासून काढलाय, अजून खोबरेल तेलाचा वास येतोय. सौ. नंदा दी. बोकील, लख्ख.

आत चिठ्ठी शोधली. नाही. तिळाच्या वड्या आहेत, काठोकाठ. आईसारख्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या, वर खोबरं.

मी एक वडी उचलली आणि वहिनींना म्हटलं, खाऊ का?

त्या बॅग उघडत होत्या. वळूनसुद्धा न बघता म्हणाल्या, "रिकामा डबा परत करू नये म्हणून भरून दिलाय ना? मग आधी कुणाचा आहे ते वाच."

वाचलं. वडी जागेवर ठेवली, झाकण लावलं. रवींद्रदादा पुढच्या महिन्यात पुण्याला जाणार आहे. तोपर्यंत डबा कॅमेऱ्यांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात आहे. कोरड्या हवेत.

हे पत्र मात्र टाकतो. आधीची सगळी ह्यातच घालतोय. पाकीट जाड झालंय, तिकिटं जास्त लागतील. तिकडची हवा कशी आहे ते कळव. एवढंच कळवलंस तरी चालेल.

उज्ज्वल